असीरगडचा उतार

राजपुरा, बऱ्हाणपूर
२१ ऑगस्ट २००२

चि. रमेशभाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. सुलभाला आशीर्वाद आणि पोरांना गोड पापा. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आबांचा खोकला होता तसाच आहे, पावसाने आईंचे गुडघे धरलेत, अलका चौथीत गेली आणि पाढे म्हणताना अजून सातावर अडखळते. फोन केला नाही, कारण फोन समोरच्या किराणा दुकानात आहे आणि आबा दिवसभर त्याच दुकानाच्या बाकावर बसून असतात. जे लिहायचं आहे ते त्यांच्यासमोर बोलता येण्यासारखं नाही.

तुमचं पत्र मिळालं. कंपनी बंद झाल्याचं वाचून पिठमपूरला तुमच्या घरात काय चाललं असेल ते डोळ्यांसमोर आलं. बाहेरच्या देशाचा माल स्वस्तात येतो म्हणून इथलं काम बंद, हे आम्ही पण रोज ऐकतो. आमच्या गल्लीतले निम्मे माग मुके झालेत. आधी त्या खडखडाटाने झोप यायची नाही, आता शांततेने येत नाही.

आबांनी तुम्हाला कळवलं आहे की व्हॅन पुन्हा उभी केली, दसऱ्याला ये आणि चालवायला घे. खरं आहे ते. भाईदास मिस्त्रीने समोरचा पत्रा बदलला, ड्रायव्हरच्या बाजूचं सगळं नवीन केलं, पांढरा रंग दिला. लांबून बघितलं तर ही तीच गाडी असं कोणी म्हणणार नाही. मी लांबून बघत नाही, माझ्या दारातच उभी असते.

तुम्ही या किंवा येऊ नका, यातलं काही मी सांगणार नाही. होळी झाल्यावर असीरगडचा घाट उतरताना ज्या स्टिअरिंगमागे तुमचे दादा गेले, त्याच्यामागे आता तुम्ही बसणार. मला काय वाटतं ते विचारू नका. पण बसणारच असाल तर तुम्ही रोज धडधाकट घरी आलं पाहिजे, एवढंच मला हवं आहे. आबा तुम्हाला गाडी शिकवतील. त्याआधी माझं ऐका.

गाडी म्हातारी आहे. मीटर दोनदा फिरून शून्यावर आलं आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावर बंद पडलं, तेव्हा किती चालली हे आता देवालाच ठाऊक. पण इंजिन अजून पहिल्यासारखं लागतं. सकाळी चावी एकदम फिरवू नका. हीटर तापू द्या, मग स्टार्टर मारा. लागल्या लागल्या रेस देऊ नका, ऑइल वरपर्यंत चढायला वेळ लागतो. तुमचे दादा तेवढ्यात चहा घ्यायचे. चहा संपला की गाडी तयार. बंद करतानाही तसंच, लांबून आल्यावर एकदम गळा दाबायचा नाही, थोडी चालू ठेवून मग बंद करायची.

ऑइलची पट्टी रोज बघा, फक्त उंची बघू नका, बोटावर घेऊन चोळा. काळं असतंच, पण कचकच लागली तर लगेच बदला. एअर फिल्टरचं भांडं आमच्या रस्त्यांवर कंपनी सांगते त्याच्या दुप्पट वेळा धुवावं लागतं. केळीच्या मळ्यांकडे जाणारी ती मऊ धूळ पीठ चाळल्यासारखी आत जाते. डिझेल फिल्टरच्या खाली स्क्रू आहे, तो सैल करून पाणी काढत जा, पावसाळ्यात तर नेमाने. टाकी कधी तळापर्यंत रिकामी करू नका, तळाचा गाळ पंपात गेला की पंप गेला. आणि कोणी कितीही सांगितलं तरी डिझेलमध्ये रॉकेल नाही. स्टँडवरचे सगळे मिसळतात आणि वर्षभरात इंजिन उघडून बसतात.

धूर बघायची सवय ठेवा. चढावर थोडा काळा चालतो, सपाटीवर काळा आला तर मिस्त्रीला डिझेलचे नॉझल दाखवा. निळा आला तर ऑइल जळतंय. हे सगळं दादांनी मला शिकवलं असं नाही. ते झोपेत पण गाडीबद्दल बोलायचे, ऐकून ऐकून पाठ झालं.

ब्रेकचं आबांना विचारा.

नाही, आबांना विचारू नका. भाईदासला विचारा.

सुलभाला सांगा, लोणचं पाठवते आहे. आंबे यंदा बरे नव्हते, गोड मानून घ्या.

तुमची,
कुसुमवहिनी

*

राजपुरा, बऱ्हाणपूर
९ सप्टेंबर २००२

चि. रमेशभाऊजी यांस,

अनेक आशीर्वाद. तुमचं उत्तर आलं. दसऱ्याच्या आधी दोन दिवस येताय हे कळलं, आईंनी ऐकल्यापासून तुमच्यासाठी मुगाचे लाडू करायचं काढलं आहे. घरात खूप दिवसांनी तुपाचा वास आला.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही जे विचारलंत ते मी तीनदा वाचलं. "त्या दिवशी सकाळी तुमचं आणि दादाचं काही झालं होतं का?" भाऊजी, हे तुम्हाला आईंनी सांगितलं असणार. आई गल्लीतही तेच सांगतात. बायको तोंड वाजवत बसली, रात्रभर माणसाला झोपू दिलं नाही, मग डोळा लागला आणि गाडी घाटातल्या मोरीच्या कठड्यावर गेली. दहाव्याच्या दिवशी भांडी घासताना मी हे माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा गप्प बसले. आता तुम्हीही विचारलंत, म्हणजे गप्प बसून काय मिळवलं ते दिसलंच.

आमचं काही झालं नव्हतं. त्या रात्री ते पोटभर झोपले, घोरत होते. सकाळी कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बांधून दिला. जाताना अलकाला म्हणाले, खंडव्याहून काय आणू? ती म्हणाली, कंपास. येताना सुताच्या गाठी भरल्या होत्या आणि दुपारचं लख्ख ऊन होतं. उन्हात, घाटाच्या वळणांवर, रोजच्या रस्त्याला कोणाचा डोळा लागतो? कंपास गाडीत सापडला. तो मी कपाटात ठेवला आहे, अलकाला अजून दिलेला नाही.

आता ब्रेकचं. तुम्ही विचारलंत म्हणून नाही, मला आता हे पोटात ठेवता येत नाही म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात मी भाईदासकडे गाडीची सीट शिवायचं माप घ्यायला गेले. त्याला म्हटलं, आता ब्रेक नीट केलेत ना? तो मान खाली घालून पाना पुसत बसला. मग म्हणाला, "वहिनी, ब्रेक खराब नव्हतेच. जळाले होते. ड्रम निळे पडले होते, लायनिंगची राख झालेली. अन् गेर न्यूटलमध्ये होता. मी आबांना दाखवलं. आबा बोलले, भाईदास, गेला तो गेला, आता कोणाजवळ काही बोलू नको. मी नाही बोललो. पण तुमच्याकडे बघून माझ्या घशाखाली घास जात नाही."

तुम्ही लहानपणापासून आबांच्या गाडीत बसलेले, तुम्हाला कळलं असेल. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहावं तर, आबांची रीत अशी की चढावर राबलेल्या इंजिनाला उतारावर विसावा द्यायचा. घाटमाथ्यावर आलं की गेर काढून न्यूटल करायचं आणि गाडी नुसती ब्रेकवर खाली सोडायची. इंजिन कसं पुटपुटत राहतं, बैल जुवाखालून सुटल्यासारखं. आबा स्टँडवर सगळ्यांना सांगायचे, माझी गाडी एवढी चालली ती या विसाव्यावर. डिझेल वाचतं, इंजिन वाचतं. आणि सगळे माना डोलवायचे, कारण गाडी खरंच चालत होती.

भाईदासने मला समजावलं ते असं. गेरमध्ये असली की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूटलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापून तापून शेवटी पायाखाली काहीच लागत नाही. "ज्या गेरवर चढली त्याच गेरवर उतरवायची, वहिनी. आबांच्या वेळी रस्ता खड्ड्यांचा होता, गाडी वेग घेतच नव्हती, म्हणून निभावलं. आता डांबर गुळगुळीत झालं, वरून छतापर्यंत गाठी."

म्हणजे तुमच्या दादांनी त्या दिवशी काही चुकवलं नाही. वडिलांनी शिकवलं तसंच केलं, शेवटच्या वळणापर्यंत. पाय ब्रेकवर असताना ते गेले, झोपेत नाही. डोळे उघडे होते, भाऊजी. मला रात्री तेच दिसतं.

भाईदास अजून एक बोलला. त्या दिवशी गावातून घाटात पहिल्यांदा आबा आणि तोच पोचले. लोकांनी दादांना बाहेर काढून झाडाखाली ठेवलं होतं. आबा तिथे जरा वेळ उभे राहिले, मग गाडीकडे गेले, दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण उचललं आणि आत हात घातला. म्हणाले, "इंजिनाले ओरखडा नाई." मग खाली बसले ते उठेचनात.

मी हे तुम्हाला त्यांचा राग यावा म्हणून लिहीत नाही. मला स्वतःला राग येतो की कीव येते, हे अजून ठरत नाही. आबांशी मी अजून बोललेले नाही. त्यांना चहा देते, औषध देते, ताट वाढते.

तुमची,
कुसुमवहिनी

*

राजपुरा, बऱ्हाणपूर
२७ सप्टेंबर २००२

चि. रमेशभाऊजी यांस,

आशीर्वाद. हे पत्र सुलभालाही वाचून दाखवा. ती लपवाछपवीच्या घरात येऊ नये.

तुम्ही लिहिलंत, आबांना आता या वयात दुखवू नका, मी आलो की काय ते बघतो. भाऊजी, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही काहीही बघणार नाही. दहाव्याला नदीवर आबा "रडू नको" म्हणाले आणि तुम्ही, दोन पोरांचा बाप, नळ बंद केल्यासारखे थांबलात. मी बायकांमध्ये उभी राहून ते बघत होते. म्हणून मीच बोलले.

आबा ओट्यावर फिल्टरचं भांडं डिझेलमध्ये धूत बसले होते. आई देवळात गेल्या होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, आबा, त्या दिवशी गाडी न्यूटलमध्ये होती.

"कोन बोललं?"

"कोणीही बोललं असो. होती का नाही?"

ते धूत राहिले. मग म्हणाले, "मी जिंदगीभर तशीच उतरवली. मले काई झालं नाई. मंग गलती कोनाची? त्याचीच ना? डोळा लागला त्याचा."

"दुपारी? भर उन्हात?"

"लागला. लागलाच असंल." आणि मग भांडं खाली ठेवून माझ्याकडे न बघता, एकदम हळू, "नाई तं मंग मी काय म्हनू, कुसुम? पोरगा मी मारला म्हनू?"

या घरात आल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. त्यांचे हात डिझेलने माखलेले होते, ते तसेच पुढे धरून बसले होते, कुठे पुसावे हेही सुचत नव्हतं. मी आतून फडकं आणून दिलं. त्या वेळी मला खरंच वाटलं की झालं, आता संपलं, सासरा आणि सून दोघं मिळून हे सोसू.

दुसऱ्या दिवशी निंबोल्याचा गोटू ड्रायव्हर आला. तुम्ही येईपर्यंत गाडी थोडी फिरती राहावी म्हणून आबांनी त्याला बोलावलं होतं. मी आत शिवत होते, खिडकी उघडी. आबा त्याला सगळं दाखवत होते, हीटर, पट्टी, पाणी. आणि मग तोच आवाज, दादांना सांगायचे तोच, "अन् घाटमाथ्यावर आला का गेर काढून टाकत जा. चढावर राबलं ना, उतारावर दम खाऊ दे त्याले."

मशीनची सुई माझ्या बोटाच्या बाजूने गेली. मी बाहेर जाऊन गोटूला सांगितलं की गाडी घाटात न्यायची नाही, गावातल्या गावात फिरव. आबा माझ्याकडे बघत राहिले. गोटू बिचारा दोघांच्या मध्ये चावी हातात घेऊन उभा. दोन दिवसांनी तो येईनासा झाला.

त्या दिवसापासून मी विचार करते आहे आणि मला जे कळलं ते असं. आबा ती रीत सोडू शकत नाहीत. सोडली तर त्याच क्षणी दादांचं मरण त्यांच्या अंगावर येतं. म्हणून ती रीत बरोबरच असली पाहिजे, आणि ती बरोबर आहे हे दाखवायला त्यांना कोणीतरी न्यूटलमध्ये तो उतार सुखरूप उतरलेला हवा आहे. गोटू नाही तर तुम्ही. तुम्ही तर त्याहून बरे, दुसरा मुलगा. ते हे ठरवून करत आहेत असं मी म्हणत नाही. ते तुमच्यावर जीव टाकतात. पण तुम्हाला त्याच उतारावर सोडणार आहेत.

परवा आई आणि आबा चांदनीला श्राद्धाला गेले, तेव्हा मी भाईदासला म्हटलं, चल, मला घाट दाखव. तो नको नको म्हणत होता. मी पुढच्या सीटवर बसले, इंजिनाच्या झाकणाशेजारी, पाय भाजत होते. होळीनंतर मी त्या रस्त्याला गेलेच नव्हते. माथ्यावर जाऊन गाडी वळवली. भाईदासने दुसरा गेर टाकला आणि ब्रेकवरून पाय काढून मला दाखवला. इंजिन ओरडायला लागलं, सगळा पत्रा थरथरत होता, पण गाडी सावकाश, म्हातारी जिना उतरते तशी एकेक वळण उतरत गेली. ट्रकवाले मागून हॉर्न मारत होते. मोरी आली. कठड्याला नवीन सिमेंट लावलं आहे, पांढरं. मी डोळे मिटणार होते पण मिटले नाहीत. मोरी आली आणि मागे गेली. काहीच झालं नाही. पुढे निंबोल्याच्या केळी लागल्या, भाईदासने तिसरा गेर टाकला आणि म्हणाला, "बस, एवढंच."

एवढंच होतं, भाऊजी. मी निंबोल्यापासून राजपुऱ्यापर्यंत रडत आले. माझा श्रीकांत एवढ्याशा गोष्टीने गेला.

तुम्ही याच. मी आता येऊ नका म्हणणार नाही, तुमच्या घरातही चूल पेटली पाहिजे आणि गाडी चांगली आहे, तिचा काही दोष नाही. पण एक ऐका. दसऱ्याला गाडी पुजून झाली की पहिली फेरी गडावरच्या महादेवाला, नारळ फोडून तसंच परत, ही आपल्या घरची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आबा तुमच्या शेजारी बसणार. परत येताना माथ्यावर ते म्हणतील, काढ गेर. पहिल्यांदा साधं म्हणतील, मग चढ्या आवाजात, मग कदाचित हात जोडून. तुम्ही आजपर्यंत त्यांना कशालाच 'नाही' म्हटलेलं नाही.

तिथे म्हणा. तोंडातून शब्द फुटला नाही तरी चालेल, फक्त गेरच्या दांड्यावर हात घट्ट ठेवा आणि दुसरा गेर सोडू नका. इंजिन ओरडेल, त्यांना तो आवाज सहन होणार नाही, ते दांड्याला हात घालतील, तरी सोडू नका. मोरी येईल आणि मागे जाईल, तेव्हा त्यांना कळेल. ते तुमच्याकडे बघतील. तुम्ही बघू नका, रस्ता बघा, खाली सुलभा आणि पोरं वाट बघत असतील.

मी मागच्या सीटवर असेन. त्यांच्याकडे मी बघेन. त्यांना सावरायला बघेन की सूड म्हणून, हे मला आज सांगता येत नाही. पण त्या वेळी त्यांना बघणारं माणूस मीच असलं पाहिजे.

तुमची वहिनी,
कुसुम श्रीकांत महाजन